‘त्रिंकोमाली’ आणि तिच्या होड्या

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून एक युद्धनौका पाण्यात उतरली. मलबारी सागवानाची, तीन डोलकाठ्यांची, अडतीस तोफांच्या वर्गातली. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराचं नाव तिला दिलं होतं : ‘एचएमएस त्रिंकोमाली’. तिला पाणी लागून महिनाही झाला नव्हता, तोच ५ नोव्हेंबरला पुण्याजवळ खडकीला पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजा भिडल्या आणि पुढच्या जूनपर्यंत पेशवाई संपली. नौका मात्र इंग्लंडच्या वाटेला लागली. २४ जानेवारी १८१९ ला ती सेंट हेलेना बेटावर पोचली. तिथे कैदेत असलेल्या नेपोलियनला तपासणारा जॉन स्टोको नावाचा शल्यविशारद तिच्यावर चढला आणि ३० एप्रिलला ती पोर्टस्मथला लागली. ती सेंट हेलेनाच्या धक्क्याबाहेर नांगर टाकून उभी होती, त्याच दिवसांत इथे मराठवाड्यात, हदगाव भागातल्या नोव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईक आणि त्यांची माणसं वेढ्यात अडकली होती. वेढा घालणारी फौज निजामाची, हुकूम देणारे अधिकारी इंग्रज. जानेवारी संपता संपता गढी पडली. त्या वेढ्यातल्या शिपायांना पुढे मिळालेल्या पदकावर ‘नोव्हा’ हे नाव कोरलेलं आहे.

गढीचे आज अवशेष उरले आहेत. नौका तरंगते आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या गोदीत, पूर्ण दुरुस्त होऊन, डोलकाठ्या आणि दोरखंडांसह ती उभी आहे. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांमध्ये सर्वांत जुनी म्हणून ती ओळखली जाते. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ वयानं मोठी, पण ती कोरड्या गोदीत बसवलेली आहे.

कयाधू नदीच्या काठी, मराठवाड्यात, जहाजाचं व्याख्यान कशाला, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल, आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे गोदी आणि शिडांच्या गप्पा म्हणजे चैनच. पण मराठवाड्याचा जहाजाशी संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. त्याकडे या व्याख्यानाच्या उत्तरार्धात यायचंच आहे. आधी मुंबईच्या नौकेचा हिशेब पुरा करू.

तिच्या जन्माचीच गोष्ट सुरस आहे. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडात जहाजांना लागणाऱ्या ओकचा तुटवडा पडला होता. म्हणून १८१२ मध्ये मुंबईला सागवानी फ्रिगेट बांधायला सांगण्यात आलं आणि बांधणीचे नकाशे ‘जावा’ नावाच्या नौकेवरून धाडले गेले. ‘जावा’ ब्राझीलजवळ पोचली आणि २९ डिसेंबर १८१२ रोजी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं तिला गाठून तिचा चुराडा केला. नकाशे गेले. याच ‘जावा’वरून सर थॉमस हिस्लॉप मुंबईला यायला निघाले होते. ते पकडले गेले, सुटले आणि पाच वर्षांनी, डिसेंबर १८१७ मध्ये, महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर सेनापती म्हणून उभे राहिले. नकाशांची दुसरी प्रत मुंबईला यायला वेळ लागला आणि काम सुरू व्हायला मे १८१६ उजाडला. नकाशे बुडवणारी ‘कॉन्स्टिट्यूशन’ आजही बॉस्टनला तरंगते आहे. एकीनं दुसरीच्या जन्माला साडेतीन वर्षं उशीर करवला आणि दोघी दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर आहेत.

बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया. वाडियांचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि तेव्हापासून गोदीचं बांधकाम पिढ्यानपिढ्या या घराण्याकडे राहिलं. जमशेटजींनी १८१० मध्ये ‘मिंडेन’ आणि १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ पाण्यात सोडली होती. पुढे १८४२ मध्ये चीनला हाँगकाँग सोडायला लावणारा नानकिंगचा तह झाला, तो याच ‘कॉर्नवॉलिस’च्या डेकवर. ‘त्रिंकोमाली’च्या पठाणात, म्हणजे जहाजाच्या कण्यात, जमशेटजींनी पारशी रीतीप्रमाणे कोरीव चांदीचा खिळा ठोकला. तो खिळा मारल्याशिवाय जहाजाचं भलं होत नाही अशी समजूत. बांधणीचा खर्च आला सुमारे २३ हजार पौंड.

वाडियांची चित्रं, पदकं, पत्रव्यवहार सगळं जपलेलं आहे. हातात वाकस आणि करवत धरून ज्यांनी ती वाक अन् वाक तासली, त्या सुतारांची नावं मात्र या कथेत कुठेही येत नाहीत. ही तक्रार आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या इमारतीबद्दल करता येते, पण जहाजाच्या बाबतीत तिचं वजन वेगळं आहे. देऊळ बांधून झालं की सुतार-पाथरवटाचं काम बऱ्याच अंशी संपतं. लाकडी जहाजाला तो कायमचा लागतो.

असं का, ते समजायला नौकेच्या पोटात शिरावं लागेल. आधी पठाण. त्यावर वाकांचा सांगाडा. वाकांवर बाहेरून फळ्या. दोन फळ्यांमध्ये फट राहतेच आणि ती बुजवायची रीत म्हणजे कलाफत. जुन्या दोराचे तंतू मोकळे करून, वळून, छिनीसारख्या पात्यानं आणि लाकडी हातोड्यानं फटीत दाबायचे, एकावर एक थर द्यायचे आणि वरून उकळतं डांबर किंवा राळ ओतायची. मारणारा कानानं काम करतो. घट्ट बसलं की हातोड्याचा आवाज बदलतो, तोवर मारत राहायचं. फार मारलं तर फळी वाकांवरून उचलते, कमी मारलं तर पाणी येतं. सुरत-मुंबईच्या कारागिरांची आणखी एक खुबी होती. ते फळ्यांच्या कडांना खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत आणि मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालत. अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी त्या सांध्याचं कौतुक लिहून ठेवलं आहे.

आणि लाकूड? ओकमध्ये आम्ल असतं, त्यानं लोखंडी खिळे-बोल्ट गंजतात आणि गंजलेला खिळा भोवतालचं लाकूड खातो. सागवानात तेल असतं. ते लोखंडाला जपतं आणि किड्यालाही सहजासहजी शिरू देत नाही. ‘त्रिंकोमाली’च्याच नकाशावरून चॅथमला ओकमध्ये बांधलेली ‘युनिकॉर्न’ १८२४ ची. तीही डंडीला शिल्लक आहे, पण तिला समुद्राचे हाल कधी सोसावेच लागले नाहीत. ती जन्मापासून छप्पर घालून राखीव ठेवलेली. या सागवानाची किंमत मलबारच्या जंगलांनी मोजली. १८४० च्या दशकात निलंबूरला सागाची पहिली मोठी लागवड सुरू करावी लागली, ती हौसेनं नव्हे. किनवट-माहूरच्या रानात साग तोडताना पाहिलेल्या माणसाला यात काही नवं वाटणार नाही.

आता होड्यांकडे.

मोठं जहाज एकटं फार थोडं काम करू शकतं, ही गोष्ट चित्रांत दिसत नाही. चित्रकार शिडं फुगवून दाखवतो. प्रत्यक्षात फ्रिगेटच्या मध्यभागी, डेकवरच्या आडव्या तुळयांवर, लहान-मोठ्या होड्या एकात एक ठेवलेल्या असत. सर्वांत मोठी, जड, सपाट पोटाची, तिच्यात दुसरी. मागच्या बाजूला लोखंडी हातांना टांगलेल्या हलक्या, वल्ह्यांच्या. गोडं पाणी आणायचं ते मोठ्या होडीतून, पिपं भरून. वारा पडला आणि जहाज खडकाकडे सरकू लागलं, की होड्या उतरवायच्या आणि वल्ही मारत जहाज ओढायचं. गाळात रुतलं, की होडीतून नांगर लांब नेऊन टाकायचा आणि जहाजावरून तो दोर गुंडाळत स्वतःला खेचून घ्यायचं. कप्तान किनाऱ्यावर जाणार तो हलक्या होडीतून. लढाई सुरू होणार असली की याच होड्या जहाजामागे दोरानं बांधून पाण्यात सोडून देत, कारण तोफगोळा होडीवर बसला तर तिच्या चिरफळ्या डेकवरच्या माणसांनाच मारत. शिवाय जहाज गेलंच, तर जीव वाचवायला काही उरावं.

आंग्र्यांच्या आरमाराला हे तंत्र पुरतं ठाऊक होतं. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफांची. गलबत लहान, वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत आणि वाऱ्याअभावी खिळलेल्या इंग्रजी जहाजाच्या मागच्या, तोफा नसलेल्या अंगाला नेऊन उभी करत. कान्होजींच्या काळात कंपनीच्या कप्तानांना गुराबेपेक्षा या जोडीचीच धास्ती जास्त होती. कोकणात त्यांच्या किल्ल्यांवर आपण अभिमानानं फिरतो. त्या आरमाराची एक तरी नौका कुठे शिल्लक आहे का? नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून जिंकून घेतलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर गोळा पडून ते पेटलं आणि दोरखंडांनी एकमेकांना बांधलेल्या नौकांमधून आग सगळ्या ताफ्यात पसरली. पेशव्यांची फौज त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूनं होती, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. विजयदुर्गाजवळ गिऱ्याला खाडीकाठी कातळात खोदलेली आरमाराची गोदी अजून पाहता येते. तिच्यात बांधलेलं काहीच पाहता येत नाही.

‘त्रिंकोमाली’ वाचली, त्यात तिच्या पराक्रमाचा फारसा वाटा नाही. पोर्टस्मथला पोचल्यावर पंचवीस वर्षं ती नुसती राखीव पडून होती. १८४५ मध्ये तिचा मागचा भाग बदलून, तोफा कमी पण भारी बसवून तिला कामाला जुंपलं. १८५२ ते १८५७ ती कप्तान वॉलेस ह्यूस्टनच्या हाताखाली पॅसिफिकमध्ये होती. अलास्काकडे आर्क्टिकच्या शोधमोहिमांना रसद पोचवणं हेही तिचं काम होतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक सामुद्रधुनी ‘त्रिंकोमाली’च्या आणि तिच्या शेजारची एक चिंचोळी वाट ह्यूस्टनच्या नावानं आहे. १८५६ मध्ये व्हँकूव्हर बेटाचा गव्हर्नर जेम्स डग्लस याच नौकेचे खलाशी आणि सैनिक घेऊन काउइचन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या खोऱ्यात उतरला. एका गोऱ्या माणसावर गोळी झाडल्याच्या आरोपावरून एका काउइचन तरुणाला त्याच्याच लोकांदेखत तिथेच फाशी दिलं. मुंबईच्या सागवानाचा अभिमान बाळगताना हेही त्याच खात्यावर मांडायला हवं. जहाज बांधणाऱ्याच्या हाती ते कशासाठी वापरलं जाईल हे नसतं. खडकीच्या लढाईच्या तोंडावर मुंबईत बांधली गेलेली युद्धनौका कुणाच्या सेवेला जाणार हे मात्र गोदीतल्या पोरालाही माहीत असणार.

१८६० पासून ती सरावाची नौका झाली आणि १८९७ मध्ये भंगारात विकली गेली. इथे तिची कथा संपायची, पण त्याच वर्षी जून महिन्यात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात एक दुसरं जहाज फुटलं. ते होतं नेल्सनचं जुनं ‘फूद्रॉयां’, आणि त्याचा मालक होता जॉर्ज व्हीटली कॉब नावाचा श्रीमंत, हौशी माणूस. मुलांना खलाशी शिक्षण द्यायचं हा त्याचा ध्यास. जहाज फुटलं म्हणून त्यानं ‘त्रिंकोमाली’ भंगारवाल्यांकडून विकत घेतली, दुरुस्त केली आणि तिला ‘फूद्रॉयां’ हेच नाव दिलं. मुंबईची नौका जवळजवळ शंभर वर्षं उसन्या नावानं जगली. आधी फाल्मथला, मग पोर्टस्मथला नांगरलेली. मुलं, पुढे मुलीही, सुट्टीत तिच्यावर राहायला येत, झुल्यांत झोपत, डेक घासत आणि तिच्या होड्यांतून वल्ही मारायला, लहान शिडं हाकायला शिकत.

नौका स्वतः जागची हलत नव्हती. शिडं नव्हती, डेकवर छपरं चढली होती. समुद्रावर जात होत्या त्या तिच्या होड्या. तरी १९८६ पर्यंत कुणी तिला मोडीत काढली नाही, कारण ती रोज लागत होती. जुन्या वस्तूंच्या जतनाबद्दल आपल्याकडे भावनेची भाषा फार चालते. इथे भावनेपेक्षा वल्ही मारणाऱ्या पोरांचं वेळापत्रक उपयोगी पडलं.

भावनेवर विसंबलं की काय होतं, याचं उदाहरण तिच्या शेजारीच नांगरलेलं होतं. ‘इम्प्लॅकेबल’ हे मूळचं फ्रेंच जहाज, ट्राफल्गारच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूनं लढलेलं, नंतर इंग्रजांनी पकडलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीला पैसा नव्हता, सरकारनं हात वर केले. २ डिसेंबर १९४९ ला त्यावर ब्रिटन आणि फ्रान्स दोन्ही देशांचे झेंडे चढवले, सन्मानानं समुद्रात ओढत नेलं आणि सुरुंग लावून बुडवलं. त्या घटनेचा इंग्लंडात इतका धसका बसला, की पुढे ऐतिहासिक जहाजं वाचवण्याच्या चळवळीनं ‘पुन्हा इम्प्लॅकेबल नको’ ही घोषणाच केली. आपल्याकडे ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उघडी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. ती लोखंडाची होती, लाकडाची नव्हे. पण १९७१ च्या युद्धात नाव काढलेली नौका मोडताना आपल्याकडे हळहळ पुष्कळ झाली आणि घोषणा झाली नाही.

१९८७ मध्ये ‘त्रिंकोमाली’ तराफ्यावर चढवून हार्टलपूलला नेली. हार्टलपूलच का? एके काळी जहाजबांधणीवर जगणाऱ्या त्या गावातल्या गोद्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडल्या होत्या. १९७९ मध्ये तिथे ‘वॉरियर’ ही १८६० ची युद्धनौका दुरुस्तीला आणली गेली. आठ वर्षांच्या त्या कामात बेकार बसलेल्या कारागिरांना पुन्हा हत्यारं हाती घेता आली आणि नव्या पोरांना शिकवता आलं. ‘वॉरियर’ जून १९८७ मध्ये पोर्टस्मथला परत गेली, पुढच्याच महिन्यात ‘त्रिंकोमाली’ आली. तयार झालेले हात रिकामे राहिले असते तर ते पांगले असते. १९९० ते २००१ असं काम चाललं, १९९२ मध्ये नौकेला तिचं मूळ नाव परत मिळालं आणि एकूण खर्च झाला सुमारे एक कोटी पाच लाख पौंड. अर्ध्याहून जास्त लाकूड अजून मूळचं, मुंबईत बसवलेलं आहे. सागवान टिकलं. ते हाताळणारे हात मात्र इंग्लंडला आधी शोधावे आणि मग घडवावे लागले.

रोज लागत राहिलं की जहाज टिकतं, हे अमेरिकेतल्या शूनर जातीच्या नौकांबाबतही दिसतं. शूनर म्हणजे दोन किंवा अधिक डोलकाठ्यांची, जहाजाच्या लांबीला समांतर शिडं लावणारी चपळ नौका. थोड्या माणसांत हाकता येते म्हणून मासेमार आणि चाचे दोघांचीही लाडकी. मुंबईच्या कंपनी सरकारच्या आरमारातही ‘माही’ नावाची शूनर होती. जानेवारी १८३९ मध्ये एडन घेतलं तेव्हा ती त्या ताफ्यात होती. मासेमारीची शूनर मासे पकडतच नसे, हे ऐकून नवल वाटेल. तिच्या डेकवर डोरी नावाच्या सपाट तळाच्या होड्या, आतली फळकुटं काढून, एकीत एक रचून ठेवलेल्या असत. भर समुद्रात पोचलं की त्या उतरवायच्या, एकेका डोरीत बहुधा दोन माणसं, आणि गळ लावलेले लांब दोर पसरून कॉड पकडायचा. धुकं पडलं आणि डोरीला शूनर सापडली नाही, की माणसं गेली. अशा धंद्यात बांधलेली १८९४ ची ‘एफी एम. मॉरिसी’ पुढे आर्क्टिकच्या शोधमोहिमांवर गेली. मग ‘अर्नेस्टिना’ या नव्या नावानं केप व्हर्डे बेटांतून अमेरिकेला स्थलांतरितांना नेत राहिली. केप व्हर्डेनं १९८२ मध्ये ती अमेरिकेला भेट दिली आणि २०१५ ते २०२२ या काळात मेन राज्यातल्या गोदीत तिचं अंग जवळजवळ नव्यानं बांधलं गेलं. मासे, बर्फ, माणसं. दर वेळी कुणाला तरी तिची गरज निघाली.

आता मराठवाडा. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. उंच अरुंद शिडं, तीन डोलकाठ्या, पुढच्या नाळेवर डोळा, मागच्या बाजूला रांजण आणि बाजूंना सुकाणूची वल्ही. हा प्रसंग पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतला मानतात. पूर्ण शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रावर जातो आणि संकटात सापडतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वाघूर नदीच्या कड्यात हे चित्र काढणाऱ्याला जहाज कुठून ठाऊक? उत्तर अवघड नाही. ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातला ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो, की भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आणि तिथला माल गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोचला येतो. तेरच्या विणकराचं कापड जहाजात चढत होतं. चित्रकारानं जहाज पाहिलं नसलं, तरी जहाज पाहून आलेली माणसं त्याच्या अवतीभवती असणार.

या चित्रावरून २०२३ मध्ये एक जहाज बांधायला घेतलं गेलं. केंद्राचं संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात जुलैमध्ये करार झाला, १२ सप्टेंबरला पठाण बसवला गेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. नाव ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’, पूर्वेच्या समुद्रापार गेलेल्या पुराणकालीन दर्यावर्दीवरून. डिसेंबरच्या अखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. इंजिन नाही. फळ्यांना एक खिळा नाही. सगळं अंग शिवलेलं.

शिवलेलं म्हणजे कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. दोन फळ्या कडेला कडा लावून उभ्या करायच्या. दोन्हींच्या कडेनं समोरासमोर भोकं. सांध्यावर काथ्याची, नारळाच्या तंतूंची जाड वळी. मग दोन माणसं, एक आत, एक बाहेर. आतल्यानं दोर भोकातून बाहेर सारायचा, बाहेरच्यानं तो ओढून शेजारच्या भोकातून परत आत द्यायचा. प्रत्येक टाक्याला लाकडी दांडा अडकवून दोर ताणायचा, वळी चेपून सपाट होईपर्यंत. दोघांचा जोर सारखा नसला तर फळी सरकते. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. दोराच्या ताणावरून आणि हाकांवरून काम चालतं. शेवटी भोकं बुजवायची आणि राळ-तेलाचा लेप द्यायचा. असं अंग लाटेला खिळ्याच्या जहाजासारखं ताठरपणे तोंड देत नाही, थोडं वाकतं. वाळूच्या किनाऱ्यावर आदळून उतरणाऱ्या होडीला म्हणूनच ते मानवतं. दोर मात्र कुजतो. पूर्वी अशा होड्या ठरावीक काळानं उसवून पुन्हा शिवत.

हे काम केरळच्या कारागिरांनी केलं. त्यांचे प्रमुख बाबू शंकरन यांनी याआधी ओमानच्या ‘ज्युवेल ऑफ मस्कत’वर हेच काम केलं होतं. ते शिवलेलं जहाज २०१० मध्ये ओमानहून सिंगापूरला शिडावर गेलं. इथे ‘त्रिंकोमाली’ची गोष्ट उलटी होते. अजिंठ्याच्या जहाजाची एक फळी उरलेली नाही. उरलं ते चित्र, आणि शिवायचं कसं ते जाणणारी काही घराणी. चित्र मराठवाड्यात, घराणी केरळात. चित्र नसतं तर जहाजाचा आकार कळला नसता. पण घराणी नसती तर चित्र असून काही उपयोग नव्हता. आयआयटी मद्रासनं प्रतिकृतीची पाण्यातली चाचणी घेतली, नौदलानं गणितं मांडली. तरीही टाका घालणारा माणूस गणितातून निघत नाही.

एक शंका मात्र नोंदवायला हवी. भिंतीवरचं चित्र म्हणजे नकाशा नव्हे. चित्रकारानं प्रसंग रंगवला, मापं दिली नाहीत. खोली किती, तळ कसा, वजन कुठे, हे सगळं आजच्या माणसांनी ठरवलं. म्हणून ‘कौंडिण्य’ला पाचव्या शतकातलं जहाज म्हणणं बरोबर नाही. तो विचारपूर्वक केलेला अंदाज आहे, आणि अंदाज समुद्रावर नेऊन तपासला हे त्याचं खरं मोल. समारंभात हा फरक पुसला जातो. अभ्यासकांनी तो पुसू देऊ नये.

आणि कोकण? रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या खाड्यांमध्ये लाकडी मचवे बांधणारे सुतार अजून आहेत, पण फायबर आल्यापासून नव्या लाकडी होडीची मागणी आटत चालली आहे. फायबर हलकं, स्वस्त, दुरुस्तीला सोपं. मासेमारानं ते घेतलं म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. अडचण वेगळी आहे. हे सुतार बहुधा कागदावर नकाशा काढत नाहीत. माप डोळ्यात, दोरीच्या गाठीत आणि बापाच्या वेळच्या साच्यात असतं. तो माणूस गेला की होडीची जात गेली. ‘त्रिंकोमाली’च्या नकाशांची दुसरी प्रत तरी निघाली. मचव्याची पहिलीही नाही.

होड्यांचे असे नकाशे काढून ठेवणं फार खर्चाचं काम नाही, आणि त्यासाठी समुद्रच लागतो असंही नाही. पूर्णेवर सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर. या धरणांच्या पाण्यावर भोई समाजाची मासेमारी चालते. त्यांच्या होड्या, तराफे, पूर्वी मराठवाड्यात नदी उतरायला वापरलेल्या गुळाच्या काहिली, यांची रेखाटनं किती जणांनी केली आहेत? जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनाच्या किंवा महाविद्यालयाच्या चार-पाच विद्यार्थ्यांनी एका हिवाळ्यात टेप, दोरी आणि आलेखाचा कागद घेऊन धरणाकाठी बसून प्रत्येक होडीची लांबी, रुंदी, तळाचा आकार, लाकूड कोणतं, फट कशानं बुजवली, बांधणारा कोण, हे लिहून काढलं, आणि बांधणाऱ्याचं नाव त्याची परवानगी घेऊन आराखड्याच्या कोपऱ्यात घातलं, तर या व्याख्यानमालेच्या पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत ती पानं छापता येतील. आयोजकांनी तेवढी आठ-दहा पानं मोकळी ठेवावीत, एवढी विनंती.